एकेकाला पाठवा

समुपदेशक बाईंची चूक म्हटलं तर साधी होती. काल त्यांनी शिपाईकाकांना नववीच्या वर्गावर पाठवून वेणीवाल्या मुलीला बोलावून घेतलं. एरवी ती आपणहून यायची, शेजारच्या खोलीतला चेंडू न्यायच्या निमित्ताने. "जगायचाच कंटाळा आलाय," हे तिने बाईंना सांगितलं, तेही चेंडू मांडीवर घेऊन. आज शाळा सुटताना आई येईल, तेव्हा बाईंनी आणि तिने मिळून आईला सगळं सांगायचं, असं ठरलं होतं. तोवर लेकीला एकटं सोडू नका, एवढं बाईंनी आईला फोनवर बजावलं होतं.

पण काल शिपाईकाकांनी दारातूनच नाव पुकारलं आणि मागच्या बाकावरून, सगळे ज्याला भोंगा म्हणतात तो मुलगा ओरडला, "डोक्याच्या डॉक्टरकडे रवानगी!" वर्ग खदखदून हसला. मुलगी आली ती उंबऱ्यातच थांबली. "मी ठणठणीत आहे," म्हणाली आणि गेली.

बाई मूळच्या प्राणिशास्त्राच्या. कळपातून वेगळं काढलेलं जनावर लगेच नजरेत भरतं, हे त्यांना कालच आठवायला हवं होतं.

"काका, आज अख्ख्या वर्गाला बोलावलंय म्हणा. एकेकाला पाठवा. आधी भोंगा."

"अख्ख्या वर्गाला? घरी जायचा बेत नाही वाटतं, बाई?"

भोंगा आला तो चेहरा पाडूनच. "बाई, मी नुसती गंमत केली होती."

"बस. झोप नीट लागते ना?"

दोन प्रश्न विचारून त्याला वाटेला लावायचं, असा बाईंचा हिशेब. भोंग्याने मागे पाहिलं. "दार लावू?"

त्याचे बाबा घर सोडून गेले होते. शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. तो अडखळत बोलत राहिला. बाईंचे कान त्याच्याकडे होते, जीव मात्र दाराबाहेर टांगलेला. त्याला मध्येच उठवणं म्हणजे दुसरी चूक. व्हरांड्यात पाऊल वाजलं की नजर दाराकडे जायची. आई आली आणि मुलगी आलीच नाही तर?

दारावर टकटक झाली. वेणीवाली. काखेत चेंडू.

भोंग्याने घाईने बाहीला डोळे पुसले. "वर्गात सांगू नकोस हं."

"मी काय भोंगा आहे?" ती म्हणाली.

तो गेल्यावर ती त्याच्याच खुर्चीत बसली. चेंडू मांडीवर. "बाई, आई आली की सुरुवात तुम्ही करा. मला जमेल तिथून मी बोलेन."

बाईंनी आईसाठी तिसरी खुर्ची ओढली.