अवलंबित

ठमी हे नाव तिला बाबांनी ठेवलं, तेव्हा ती दीड वर्षाची, गुटगुटीत आणि बसवलं तिथून न हलणारी होती. आता ती चव्वेचाळीस वर्षांची होती आणि गेले पंधरा दिवस तिचं बूड पाच मिनिटं एका जागी टेकेल तर शपथ. बाबा नव्वद दिवसांच्या व्हिसावर तिच्याकडे आले होते. त्यातले अकरा दिवस उरले होते, आणि त्यानंतर ते इथेच राहणार की परत जाणार, हे मंगळवारी सकाळी परदेशी लोकांच्या कचेरीतल्या एका खिडकीपाशी ठरणार होतं.

सरकारं माणसांना नावं तरी किती ठेवतात! गेल्या बावीस वर्षांत ठमी आधी विद्यार्थी होती, मग तात्पुरती कामगार, मग कायम रहिवासी, आणि शेवटी एका देशाची नागरिक. त्या देशाचा आजूबाजूच्या सात देशांशी करार होता. एका देशाच्या नागरिकाने दुसऱ्यात जावं, राहावं, नोकरी करावी, व्हिसा-बिसा काही नको. याला म्हणायचं मुक्त संचार. त्याच जोरावर ठमी आणि तिचा नवरा चार वर्षांपूर्वी या शेजारच्या देशात आले होते. नागरिकाबरोबर नवरा किंवा बायको येते, एकवीस वर्षांखालची मुलं येतात. आईबापांना मात्र एक अट. ते ‘अवलंबित’ असले पाहिजेत. मुलांच्या आधाराशिवाय त्यांचं चालत नाही, हे सरकारला पटलं पाहिजे. बाबांचा देश या करारातच नव्हता, त्यामुळे ही अट पार केल्याशिवाय त्यांचा संचार उंबरठ्यावरच अडणार होता.

आणि बाबा? बाबा घड्याळजी. बावन्न वर्षं बाजारातल्या सहा बाय आठच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. आई गेल्यावर सहा वर्षं एकटे राहत होते आणि कुणाकडे चमचाभर साखरही मागत नव्हते. ठमी रोज त्यांच्याकडच्या अकराच्या सुमाराला, दुकानाच्या वेळेत, फोन करायची. त्यांच्या आवाजामागे पंधरावीस घड्याळं टिकटिकत असायची. ती ऐकली की तिचा जीव भांड्यात पडायचा. पण गेल्या वर्षी ते न्हाणीघरात घसरून पडले आणि रोज फोन होऊनही ही बातमी तिला तीन दिवसांनी, तीही शेजारणीकडून कळली. तेव्हापासून भांड्यात पडलेला जीव पुन्हा पुन्हा बाहेर उडी मारत होता.

“बाबा, पुन्हा एकदा,” ती जेवणाच्या टेबलापाशी उभी राहूनच म्हणाली. “खिडकीवर विचारलं, तुम्ही मुलीवर अवलंबून आहात का, तर काय सांगायचं?”

“सांगायचं, माझी मुलगी फार कटकट करते.”

“बाबा!”

“अगं, पण नाहीये ना मी अवलंबून! माझं दुकान आहे, गिऱ्हाईक आहे. या वयात खोटं बोलायला शिकवतेस?”

“दुकानाचं तर नावही काढू नका. दुकान चालू आहे म्हटलं की संपलं. कामधंदा करणारा माणूस अवलंबित कसा, असं म्हणतील.”

“बरोबरच म्हणतील,” बाबा म्हणाले आणि चहाचा कप दोन्ही हातांनी सावकाश उचलला.

नियमांची पुस्तिका तिने त्यांच्यासाठी मुद्दाम मोठ्या अक्षरात छापून आणली होती. पण ते म्हणायचे, तूच वाच, लेकीच्या तोंडून सरकारसुद्धा गोड लागतं. मग ती फेऱ्या मारत मारत वाचायची. स्थलांतरित म्हणजे कोण, निर्वासित म्हणजे कोण, निवास म्हणजे काय, नुसता मुक्काम म्हणजे काय. एकच माणूस निघताना एका देशाच्या हिशेबी जाणारा आणि पोचल्यावर दुसऱ्याच्या हिशेबी येणारा. “मधल्या विमानात तो कोण असतो गं?” बाबांनी विचारलं, आणि ठमीला हसूही आलं आणि रागही आला.

नवरा गोदामात मालाच्या गाड्या हलवायचा. शांत माणूस. तो म्हणाला, “तू त्यांना पढवू नकोस. ऐन वेळी गडबडतील.”

“आणि नाही पढवलं तर खरं बोलतील!” ती फाडकन म्हणाली.

ठमी दातांच्या प्रयोगशाळेत काम करायची. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे, त्यावर ती कवळ्या आणि दातांच्या टोप्या बसवायची. बोटांत बाबांचीच कला उतरली होती, केसाएवढी फट तिला दिसायची. त्या सोमवारी मात्र तिने एका म्हाताऱ्याची उजवीकडची दाढ डावीकडच्या साच्यावर चढवली. मुकादमबाईंनी ती दाढ दोन बोटांत धरून विचारलं, “हा गृहस्थ काय उलट्या तोंडाने जेवतो का?” सगळे हसले. ठमीला रडू फुटायचंच बाकी होतं. तिने पुन्हा साचा घेतला, पुन्हा मेण तापवलं, आणि मनात घोकत राहिली: दुकान नाही, गिऱ्हाईक नाही, मुलीवर अवलंबून.

मंगळवारी साडेअकराला त्यांचा नंबर आला. खिडकीमागच्या बाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा दोरीने गळ्यात लटकत होता. शेजारी दुभाषा बसला होता. त्यांनी ठमीला मागच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. “तुम्ही मध्ये बोलायचं नाही. उत्तरं त्यांची त्यांनाच द्यायला हवीत.” मग बाबांकडे वळून म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही मुलीवर अवलंबून आहात?”

“नाही,” बाबा म्हणाले.

ठमीच्या पायाखालची जमीन सरकली. पंधरा दिवस कानीकपाळी ओरडलेलं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. ती खुर्चीतून अर्धी उठली, बाईंनी नुसतं पाहिलं, ती बसली.

बाईंनी अर्ज बाजूला सारला. “सगळ्यांचे वडील हेच म्हणतात. मी दुसरं विचारते. तिकडे घरी स्वयंपाक कोण करतं?”

“डबा येतो.”

“कुणी लावून दिला?”

“हिनेच. फोनवरून.”

“औषधं?”

“तीही घरपोच येतात. हीच मागवते.”

“आणि दिवसभर काय करता?”

ठमीने डोळे मिटले. आता दुकान येणार आणि सगळं संपणार.

“दुकान होतं माझं,” बाबा म्हणाले. “घड्याळांचं. दोन वर्षं झाली, बंद केलं.”

ठमीला आधी वाटलं, तिने शिकवलं त्याच्याही पुढे जाऊन ते थाप मारताहेत. शाबास, असंसुद्धा वाटलं तिला.

“का बंद केलंत?”

“डोळे गेले, बाई. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले डॉक्टर. उरली आहे तेवढी चालायला पुरते. एका गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडलं आणि त्याचा स्क्रू मला सापडेना. समोर पडला होता. त्यानेच उचलून दिला. काही बोलला नाही बिचारा. त्या संध्याकाळी फळी लावली ती लावलीच.”

“पण मुलीने अर्जात डोळ्यांबद्दल काहीच लिहिलेलं नाही.”

“तिला ठाऊक नाही.” बाबांचा आवाज इतका खाली गेला की ठमीला पुढे वाकावं लागलं. “ती रोज अकराला फोन करायची. मी साडेदहाला दुकानात जायचो, हाताने चाचपून पंधरावीस घड्याळांना चावी द्यायचो. तिला टिकटिक ऐकू यायला हवी ना. नाहीतर इकडचं सगळं सोडून धावत आली असती. तिचा स्वभाव असाच, जरा धीर नाही.”

बाईंनी अर्ज पुन्हा समोर ओढला. “डॉक्टरांचे कागद आहेत?”

बाबांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेलं पाकीट काढलं. म्हणजे आणलं होतं त्यांनी. अडीच महिने, तिच्याच घरात, खुंटीला टांगलेल्या कोटात.

“मग मी काय लिहू, आजोबा? उत्तर तुमच्या तोंडून यावं लागतं.”

“लिहा,” बाबा म्हणाले. “अवलंबित.”

हाच शब्द त्यांच्या तोंडून निघावा म्हणून ठमीने जिवाचं रान केलं होतं. आता तो निघाला, आणि तिला वाटलं, खिडकीतून हात घालून तो कागद फाडून टाकावा. बाबांनी पुन्हा एकदा ठणकावून नाही म्हणावं. तिला रागावावं, दुकानाची बढाई मारावी. पण बाईंनी शिक्का मारला, पोच दिली, आणि निर्णय होईपर्यंत बाबांना इथे राहता येईल असं सांगितलं. कागद भक्कम आहेत, काळजी करू नका, असंही म्हणाल्या. ठमीने मान हलवली. आभार मानायचं राहूनच गेलं.

बाहेरच्या पायऱ्यांवर ऊन होतं. ठमी दोन पायऱ्या भराभर उतरली, मग थांबली, मागे वळली आणि परत वर आली. बाबा कठड्याला धरून उभे होते. तिला पुष्कळ बोलायचं होतं. भांडायचंच होतं खरं तर.

“बाबा, तुम्ही मला...”

“हो गं,” ते म्हणाले. “घरी जाऊन भांड. इथे लोक बघतात.”

तिने त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला. दोघं एकेक पायरी उतरू लागले, आणि ठमीला आयुष्यात पहिल्यांदा इतकं सावकाश चालावं लागलं. बाबांच्या मनगटावर त्यांनी स्वतः जोडलेलं घड्याळ बिनचूक चालू होतं. त्या माणसाने कधी कुणाला वेळ विचारलेली तिने ऐकली नव्हती.

शेवटच्या पायरीवर ते थांबले.

“ठमे,” त्यांनी विचारलं, “किती वाजले गं?”