सगळ्यात जड योकान

माफी मागायला निघालेलं माणूस मी दारातूनच ओळखते. वीस वर्षं मिठाईच्या दुकानात बसल्यावर एवढं तरी यायलाच हवं. काळा कोट, खाली मान, आणि कपाटातल्या रंगीत मिठायांकडे ढुंकूनही न बघता थेट विचारणा, "योकान आहे ना? त्यातला जड द्या." योकान म्हणजे अझुकीच्या, लाल चवळीसारख्या दाण्यांच्या, पुरणाची घट्ट वडी, विटेएवढी. चूक जेवढी मोठी, तेवढी पेटी जड हवी, हे आमच्या मात्सुए शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बिस्किटांची हलकी पेटी घेऊन गेलात, तर समोरच्याला वाटतं, याला स्वतःची चूकही हलकीच वाटते.

मला या गिऱ्हाइकांची फार गंमत वाटायची. ती बाहेर पडली रे पडली, की मी मागच्या भट्टीकडे तोंड करून ओरडायची, "दोन पेट्या! काहीतरी मोठंच सांडलंय!" माझा नवरा हिदेकाझु हसायचा. तोकुझो-सान हसायचे नाहीत. ते आमचे कारागीर. वय एकाहत्तर, त्यातली पन्नास वर्षं आमच्या कढईपाशी गेलेली. "मालकीणबाई, लोकांच्या पाठी बोलू नये," एवढंच म्हणायचे. मी मनात म्हणायची, पुरण ढवळा की मुकाट्यानं.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. मुलांच्या सणाचे दिवस होते. तीन वर्षांची, पाच वर्षांची, सात वर्षांची पोरं नटवून देवळात नेतात ना, तो सण. फोन सारखा वाजत होता आणि प्रत्येक फोन आनंदाचा होता. दिवसभर "अभिनंदन, अभिनंदन" म्हणून माझी जीभ गुळगुळीत झाली होती. अशात कानामोरीबाईंचा फोन आला. आवाज अगदी खोल गेलेला. रविवारसाठी मांजूच्या तीस पेट्या हव्या होत्या. मांजू म्हणजे आत पुरण भरून वाफवलेले मऊ गोळे. "आमच्याकडे किचू आहे," त्या म्हणाल्या, "त्यामुळे मला बाहेर पडता येत नाही. तेव्हा त्याला साजेसं काय ते तुम्हीच करा."

किचू म्हणजे घरात सुतक. आणि मी ऐकलं किजु. किजु म्हणजे सत्त्याहत्तरी.

"अय्या, अभिनंदन!" मी म्हणाले. "तुमच्या साहेबांना आमच्याकडून दीर्घायुष्याच्या शुभेच्छा सांगा हं!"

पलीकडून मग हलकेच "बरं" आणि फोन ठेवल्याचा आवाज. मोठ्या घरच्या बायका कमीच बोलतात, असा मी अर्थ लावला आणि चिठ्ठीवर लिहिलं: कानामोरी, किजु, तीस, रविवार. घाईत मी नेहमी ऐकलं तसं साध्या अक्षरांत लिहिते. चित्राक्षरांत लिहायला बसले असते तर हात क्षणभर थांबला असता. एकात आनंद आहे, दुसऱ्यात मरण आहे.

तोकुझो-सान चिठ्ठी हातात घेऊन आले. त्यांच्या अंगठ्याला कायम पुरण लागलेलं असायचं, प्रत्येक चिठ्ठीवर त्याचा डाग पडायचा, आणि त्यावरून मी त्यांना शंभरदा बोलले होते. "किजु?" ते म्हणाले. "कानामोरींकडे? साहेब इस्पितळात होते असं ऐकलं होतं मी."

"मग बरे होऊन आले असतील. माणसं बरी होत नाहीत का? तुम्ही मांजूचं बघा, तोकुझो-सान, माणसांचं मी बघते."

हिदेकाझु तेव्हा बँकेत गेला होता. हे बोलणं आम्हा दोघांतच राहिलं.

रविवारी सकाळी तीस पेट्या गेल्या. प्रत्येक पेटीत एक लाल, एक पांढरा. तापलेल्या ठशानं वर करकोचा उमटवलेला, दीर्घायुष्याची खूण. भोवती लाल-पांढरी दोरी, कागदावर 'किजु' अशी ठसठशीत अक्षरं. तोकुझो-साननी असे देखणे मांजू बऱ्याच दिवसांत केले नव्हते. सुतकाच्या घरी द्यायचे ते हिरवे आणि पांढरे असतात, त्यांच्यावर साधं पान असतं.

साडेअकराला फोन आला तो हिदेकाझुनं घेतला. कानामोरींचा मुलगा इतका मोठ्यानं बोलत होता की मला कपाटापाशी ऐकू येत होतं. "आज एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी आहे माझ्या वडिलांचा! भटजी बसलेत, नातेवाईक बसलेत, त्यांच्यासमोर पेटी उघडली मी! थट्टा करता काय मेलेल्या माणसाची?"

हिदेकाझु फोनलाच वाकून वाकून नमस्कार करत होता. कपाळावर घाम. एका हातानं त्यानं मला खूण केली, चिठ्ठी आण.

चिठ्ठ्या भट्टीजवळच्या खिळ्याला टोचलेल्या असतात. तोकुझो-सान मागच्या अंगणात चाळण्या धूत होते. मी चिठ्ठी उपसली. माझंच अक्षर, स्वच्छ: किजु. पायाखालची जमीन सरकली म्हणतात, तसं काही झालं नाही. माझं डोकं फार थंड होतं, आणि त्याचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. मी कोरा कागद घेतला, तेच नाव, तोच आकडा, तोच वार लिहिला, आणि किजुच्या जागी किचू लिहिलं. ध चा मा करायला एवढाच वेळ लागतो. जुनी चिठ्ठी चुरगळून दाण्यांच्या सालांच्या बादलीत टाकली आणि नवी नवऱ्याच्या हातात दिली.

हिदेकाझुनं तोकुझो-सानना आत बोलावलं. "वाचा," तो म्हणाला. लहानपणी ज्यांच्या पाठीवर बसून तो हिंडला, त्यांच्याशी तो या आवाजात कधी बोलला नव्हता.

तोकुझो-सानच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उन्हाळ्यातच झालं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, चिठ्ठी नाकाशी धरली. मग उलटून मागून पाहिली. मग स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. त्या चिठ्ठीवर डाग नव्हता.

मला वाटलं, आता बोलतील. बोलले तर काय सांगायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं: म्हातारपणी आठवण जाते.

"डोळे," तोकुझो-सान म्हणाले. "किचूचं किजु वाचलं मी. माझी चूक." त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली, घडी केली आणि ओट्यावर ठेवली. "कानामोरींकडे मीही येतो. तिथून आलो की माझं सामान घेऊन जातो."

हिदेकाझुनं नको म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही.

आता प्रश्न उरला, न्यायचं काय? ज्या हातांनी चूक केली असं आम्ही म्हणत होतो, त्याच हातांचा योकान कसा न्यायचा? हिदेकाझु म्हणाला, "समोरून आण." समोर ओगिनोंचं दुकान. तीन पिढ्या आमचा एकमेकांशी नमस्कारापलीकडे संबंध नाही. मी काळा कोट घातला, रस्ता ओलांडला, कपाटातल्या मिठायांकडे न बघता म्हणाले, "योकान आहे ना?"

ओगिनोबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "हलका देऊ की जड?"

"सगळ्यात जड."

पाठीमागे दार ओढून घेताना आतून त्यांचा आवाज आला, "अहो ऐकलंत का! समोरच्यांकडे काहीतरी मोठंच सांडलंय!"

कानामोरींच्या घरी पाहुणे गेले होते. मुलगा दारातच हात बांधून उभा होता, पण आईनं आत घ्यायला लावलं. आम्ही तिघं चटईवर बसलो. हिदेकाझुनं पेटी पुढे सरकवली. तोकुझो-साननी कपाळ चटईला टेकवलं ते वर उचललंच नाही. "माझे डोळे अधू झालेत. चिठ्ठी बरोबर होती, मी चुकीची वाचली. दुकानाचा यात दोष नाही. मी आजपासून काम सोडतोय."

मी त्यांच्या शेजारी तशीच वाकले होते. त्यांच्या मानेवरचे पांढरे केस माझ्यापासून वीतभर लांब होते. एवढं जवळ असून तोंड उघडलं नाही माझं.

"वर बघा, तोकुझो-सान," कानामोरीबाई म्हणाल्या. "तिकडे बघा."

आम्ही पाहिलं. साहेबांच्या फोटोपुढे बशीत एक लाल मांजू आणि एक पांढरा ठेवलेला होता.

"पुढच्या महिन्यात सत्त्याहत्तर झाले असते. फार मनात होतं त्यांच्या. इस्पितळात दिवस मोजायचे. मुलगा चिडला, पण मी म्हटलं, आलाच आहे मान तर घेऊ दे त्यांना." त्या जराशा हसल्या. "मांजूचं मला वाईट नाही वाटलं. एकाच गोष्टीचं वाटतंय. फोनवर मी किचू म्हटलं, आणि पलीकडून अभिनंदन म्हणाले. वर दीर्घायुष्य. मला पुढे शब्दच फुटेना. तेव्हापासून मनात येतंय, माझंच काही बोलायचं चुकलं का?"

"तो मीच असेन," तोकुझो-सान खालूनच म्हणाले. "कानानंही कमी ऐकू येतं हल्ली."

"बाईचा आवाज होता," कानामोरीबाई म्हणाल्या.

हिदेकाझुची मान हळूहळू माझ्याकडे वळली. आमच्या दुकानात फोन घेणारी बाई एकच आहे.

"मी," मी म्हणाले. "मीच म्हणाले. तुमचं नाही चुकलं. मी चुकीचं ऐकलं, चुकीचं लिहिलं, आणि आज सकाळी चिठ्ठी बदलली." लोक म्हणतात, खरं बोललं की हलकं वाटतं. मला नाही वाटलं. पळायला वाटच उरली नाही तेव्हा बोलले होते मी. तेही एका नवरा गेलेल्या बाईला स्वतःलाच दोष देताना ऐकल्यावर.

कानामोरीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी ओगिनोंची पेटी उचलली आणि फोटोपुढे मांजूच्या बशीशेजारी न ठेवता मागे कोपऱ्यात सरकवून ठेवली.

परतताना हिदेकाझु वीस पावलं पुढे चालत होता. एकदाही वळला नाही. तोकुझो-सान माझ्या बाजूनं येत होते. पुलावर त्यांनी पाकीट काढलं आणि त्यातून घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. चुरगळलेला, नीट सपाट केलेला, सालांनी तांबूस झालेला. कोपऱ्यावर अंगठ्याचा डाग.

"जाळून टाका," ते म्हणाले. "बादली मी रिकामी केली म्हणून बरं. धनींच्या हाती लागला असता."

"तुम्हाला माहीत होतं. मग बोलला का नाहीत?"

"कारागिराची चूक असली तर कारागीर जातो, मालकीणबाई. दुकान राहतं. मालकिणीनंच चिठ्ठी बदलली हे कळलं, तर पुन्हा कोण येणार आपल्याकडे?" ते 'आपल्याकडे' म्हणाले. सामान बांधायला निघालेला माणूस आपल्याकडे म्हणाला, आणि मी पुलावर सगळ्यांदेखत रडले.

रात्री हिदेकाझु ओट्यावरची टोपी घेऊन त्यांच्या घरी जाऊन आला. सकाळी पाचला मी भट्टीत गेले तेव्हा तोकुझो-सान टोपी घालून कढईपुढे बसले होते. वीस वर्षं मी लोकांना माफी किलोनं विकली, पण या माणसापुढे काय नेऊन ठेवणार? सगळ्यात जड योकान तेच तर शिजवतात.

मी रिकाम्या हातांनी ओल्या फरशीवर गुडघे टेकले. "तोकुझो-सान, चुकलं माझं."

ते ढवळायचे थांबले नाहीत. जरा वेळानं डावा हात मागे करून म्हणाले, "ती चाळणी द्या इकडे. आणि चिठ्ठ्या यापुढे जरा मोठ्या अक्षरात लिहा."