रिकामी गाडी

चिंचवडच्या एका कारखान्यामागं साहेबलोकांचं गोल्फचं मैदान होतं, आणि त्यावर परदेशातून आणलेली एकुलती एक बॅटरीची गाडी. ती चालवायचा चिमाजी. रहाटणीचा हा गडी जन्मभर बैलगाडी हाकत आलेला. जमीन कारखान्यांत गेली, बैल बाजारात गेले, आणि उतारवयात कासऱ्याऐवजी हाती चाक आलं. चाक आलं आणि जिवात जीव आला, असं तो घरी म्हणायचा.

मैदानाचे व्यवस्थापक यशवंतराव भलतेच कडक. त्यांनी नियम पढवले होते. साहेब चेंडू मारत असताना गाडी जागच्या जागी उभी. चेंडू पडायच्या भोकाभोवतीच्या मऊ हिरवळीवर चाक घालायचं नाही. चालणाऱ्याला आधी वाट. आणि खेळणाऱ्यांखेरीज गाडीत कोणाला म्हणजे कोणाला बसवायचं नाही. चिमाजीला त्यात काही जाच वाटला नाही. खळ्यावर तरी कोण जोडे घालून जातं? दुसऱ्या पाळीला लातूरकडचा किसन आला, त्यालाही हे सगळं चिमाजीनंच शिकवलं आणि वर आपल्या गावचा एक नियम जोडला.

"रिकामी गाडी चालत्या माणसाला मागं टाकून फुडं न्हेत न्हाईत. ध्यानात ठेव."

वैशाखातल्या एका दुपारी तो साहेबांना सोडून रिकामा परतत होता. पुढं खुरपणीवरची म्हातारी छबूबाई चाललेली. डोक्यावर गवताचा भारा, पाय अनवाणी. चिमाजीनं गाडी थांबवली.

"बस, मावशी."

"नगं रं बाबा. सायबाची गाडी ती."

"रिकामी हाय न्हवं? बस."

ती अंग चोरून बसली, आणि क्लबाच्या व्हरांड्यातून यशवंतरावांनी नेमकं पाहिलं.

"नियम माहीत नव्हता?"

"व्हता, साहेब."

"मग?"

चिमाजीकडं सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण साहेबांना ती सबब वाटली असती. यशवंतराव काही दुष्ट नव्हते. त्यांनी त्याला कामावरून काढलं नाही, फक्त गाडीवरून काढलं आणि हिरवळीला पाणी मारायला लावलं. पगार तोच. छबूबाई मात्र पदरानं डोळे पुसत राहिली, आणि चिमाजी घरी चार दिवस कुणाशी धड बोलला नाही.

पाचव्या दिवशी तो खांद्यावर रबरी नळीचं वेटोळं टाकून मैदानाच्या टोकाला निघाला होता. मागून गाडीची ओळखीची घरघर आली. किसन होता, आणि गाडी रिकामी. चिमाजीनं एकदाच वळून पाहिलं.

"मला बसवू नगंस. तुझी बी गाडी जाईल," तो पुन्हा पुढं बघत म्हणाला.

"नाही बसवत, अण्णा. तुम्ही चाला."

चिमाजी बाजूला सरला, तरी गाडी पुढं गेली नाही. तो चालू लागला तशी तीही त्याच्या चालीनं मागून येऊ लागली. माळ्यांनी खुरपी थांबवली. शेवटी यशवंतराव व्हरांड्यातून तरातरा खाली उतरले.

"किसन, गाडीला काय झालंय?"

"काही नाही, साहेब. गाडीत कोणी नाही, बघा. चालणाऱ्याला आधी वाट दिलीय."

यशवंतरावांनी गाडीकडं पाहिलं, पुढं चालणाऱ्या म्हाताऱ्याकडं पाहिलं. त्यांचाच नियम होता. ते वाटेतून बाजूला झाले.

चिमाजीचे डोळे भरून आले होते. टोकाला पोचायची त्याला आता मुळीच घाई नव्हती.