हिरड्यांचा काढा

जॅमच्या कारखान्यात त्यांना सगळे जीभराव म्हणत. खरं नाव पगाराच्या पाकिटापुरतं उरलं होतं. फळं मोजून घेतली, साखर तोलून घातली, तरी कढई उतरायची ती जीभरावांनी चमचा तोंडात फिरवून मान हलवली की मगच. फळाचं काय, एक गाडी मधासारखी येते, दुसरी पाणचट, तिसरी आंबटढाण. तराजूला ते कळत नाही, जीभरावांना कळायचं. "अजून घमेलंभर," म्हणायचे, नाहीतर, "बस, हात आवरा आता."

चाखलेलं थुंकायचं असा नियम होता. त्यासाठी भिंतीला बेसिन होतं. जीभराव कधी थुंकले नाहीत. घशाखाली उतरल्याशिवाय शेवटची चव कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. उभी हयात त्यांनी मालकाची साखर अशी पोटातून घरी आणली, आणि एक दिवस ती रक्तात सापडली.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "काका, हे काम सोडा. गोळ्या मी देते, पण तुम्ही दिवसभर साखर खाणार असाल तर माझ्या गोळ्या काय करणार?"

"सोडतो की," जीभराव म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कारखान्यात हजर झाले. कारखाना घराच्या भिंतीला भिंत लावून होता. फळ शिजायला लागलं की त्यांच्या बायकोच्या स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा चिकट व्हायची.

ती सांगून थकली. आधी गोडीनं सांगितलं, मग भांडून. मग त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जोडा लागला आणि ती जखम भरेना. रोज संध्याकाळी ती गरम पाण्याने पाय धुवायची, पट्टी बांधायची आणि तेच तेच बोलायची.

"निदान थुंकत तरी जा."

"थुंकलो तर मी चाखणारा कसला?"

"पाय कापावा लागेल, अहो."

"पायानं चाखतो का मी?" ते हसले. मग तिचं तोंड बघून चिडले. "मग काय करू? जीभ काढून ठेवू? ही एक जीभ सोडली तर माझ्याकडे आहे काय? तिच्याशिवाय मला दारातलं कुत्रं ओळखणार नाही."

ती पट्टीची गाठ मारून उठली.

तिचा धाकटा भाऊ गावाबाहेर रोपवाटिका चालवायचा. जीभराव त्याला झाडोबा म्हणत. गुलाब-मोगरा त्याच्याकडे नावाला होता. त्याचा खरा जीव अडकला होता तो विचित्र झाडांत. किडे गिळणाऱ्या पानांच्या सुरया, चावलं की जीभ मुंग्या आल्यासारखी बधिर करणारी पिवळी बोंडं, फेस देणारी फळं, आणि एक लाल बोर असं की ते खाल्ल्यावर लिंबूही गोड लागावं. रविवारी लोक पोरंबाळं घेऊन गंमत बघायला यायचे, आणि जाताना एखादं रोप घेऊन जायचे.

त्याच्याच कुंपणावर गुडमारीचा वेल होता. दिसायला अगदी गरीब: लवदार पानं, बारीक पिवळट फुलं, आणि शेंगा तडकल्या की कापसाच्या पिसासारखं उडणारं बी. "गुडमार म्हणजे गोडाला मारणारी," असं झाडोबा आल्यागेल्याला सांगायचा. "पान चावा आणि वर साखर खा, वाळू खाल्ल्यासारखं वाटेल. खारट कळतं, आंबट कळतं, फक्त गोड तेवढं गायब. तासाभरानं जीभ पुन्हा होती तशी. अळ्यांनी पानं खाऊ नयेत म्हणून वेलीनं केलेली ही सोय असणार. माणूस काय, तेही स्वतःच्या कामाला लावतो."

तिने त्याच्याकडून ओंजळभर पानं मागितली.

"भावजींसाठी का? उत्तम," झाडोबा म्हणाला. "गोडाची वासना मरते. पण त्यांना विचारून दे हो ताई. त्यांचं पोट त्या जिभेवर आहे."

"विचारूनच देणार," ती म्हणाली.

जीभरावांच्या हिरड्यांतून हल्ली रक्त यायचं. तिने एका तुरट सालीचा काढा उकळला, त्यात ही पानं टाकली आणि गाळून पेला हातात दिला. "हिरड्यांसाठी आहे. तोंडात चांगला घोळवा आणि मग चूळ भरा." कामाला जाण्याआधी ते बिनसाखरेचा चहा घेत आणि पहिली कढई उतरेपर्यंत काही खात नसत, जीभ कोरी राहावी म्हणून. त्यामुळे घरात काही कळण्याचा प्रश्नच नव्हता.

"कडूजहर आहे," ते तोंड वाकडं करून म्हणाले. "सालीखाली अजून काहीतरी आहे. गवतासारखं."

"औषध आहे, सरबत नाही."

तिच्या मनात एवढंच होतं की गोडच लागलं नाही तर ते गिळतील कशाला? चार दिवस गोड लागणार नाही, मग घाबरतील आणि आपणहून घरी बसतील. पण जीभरावांनी पहिल्या दिवशी दोष दिला तो फळाला. "फळ फिकं आलंय," म्हणाले आणि पहिल्या कढईत साखर वाढवली. दुसऱ्या कढईपर्यंत जीभ ताळ्यावर आली, तेव्हा ते म्हणाले, "ही गाडी बरी आहे." असं रोज व्हायला लागलं. महिना उलटल्यावर दुकानांतून बरण्या परत येऊ लागल्या: झाकणाखाली साखरेचे खडे धरलेले, चमचा रुतेना. परत आलेल्या सगळ्या बरण्या पहिल्या कढईच्या होत्या.

लेबलं लावणारी शेजारीण भिंतीवरून वाकून म्हणाली, "वहिनी, जीभरावांचं काहीतरी बिनसलंय का हो? सकाळी सकाळी हात फार सैल सुटतो त्यांचा."

"वय झालं आता," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी काढा बंद करता आला असता. पट्टी सोडेपर्यंत तिचा विचारही तसाच होता. पण पट्टी सोडली तर अंगठ्याची कड काळी पडलेली. आणि जीभराव सांगत होते की उद्या परगावचा मोठा व्यापारी येणार आहे, मालकाने मुद्दाम त्याच्यासमोर पहिली कढई ठेवली आहे, "जीभराव, आपली इभ्रत तुमच्या तोंडात," असं म्हणालाय. बोलताना त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. ती काळ्या कडेकडे बघत राहिली. नोकरी गेली तर पाय राहील, हे तिने मनाशी अगदी शब्दांत म्हटलं. सकाळी तिने पानं दुप्पट घातली.

जीभरावांनी व्यापाऱ्यासमोर चमचा तोंडात फिरवला आणि साखर मागवली. पुन्हा फिरवला, पुन्हा मागवली. कढईवरचा गडी घमेलं हातात धरून नुसता उभा राहिला, तेव्हा त्याच्यावर ओरडले. शेवटी व्यापाऱ्याने स्वतः चमचा बुडवला, चाखला आणि रुमालाने तोंड पुसलं. "आमच्याकडे माणसं जॅम पावाला लावतात," तो म्हणाला. "हा वड्या पाडून विकावा लागेल."

सगळे हसले. मालकही हसला, कारण व्यापारी हसत होता.

आठवड्याभरात निरोप समारंभ झाला. हार, शाल, एक घड्याळ आणि जॅमच्या डझनभर बरण्या. चाखायच्या खोलीत एक यंत्र आलं, आणि ते वाचायला एक नवी मुलगी.

त्यानंतर सगळं तिच्या मनासारखं झालं. साखर उतरली. अंगठ्याची काळी कड गळून खालून गुलाबी कातडी आली. तिने काढा कधीच बंद केला होता. पण जीभराव खुर्चीत बसत ते बसतच. एकदा तिने पाहिलं, तर त्यांनी टेबलावर पाण्याचे पेले मांडले होते. कशात चिमूट साखर, कशात अर्धी चिमूट, कशात नुसतं पाणी. डोळे मिटून चाखत होते आणि एकही चुकत नव्हते.

"सगळं बरोबर येतंय की," ती म्हणाली.

"आता येतंय," ते म्हणाले. "पण त्या सकाळी कुठे गेली होती? इतकी वर्षं जिच्यावर भरवसा ठेवला तीच ऐन वेळी उलटली. आता बरोबर येऊन मी काय करू?"

तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द तिच्या ओठांवर आलेही होते. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ती आत गेली.

पुढे एका रविवारी तिनेच त्यांना बळेबळे रोपवाटिकेत नेलं, जरा माणसांत यावेत म्हणून. झाडोबाला इतक्या दिवसांनी भावजी आलेले बघून हर्षवायू व्हायचा बाकी होता. सुरया दाखव, बोंडं दाखव, असं करत तो कुंपणापाशी आला आणि तिने डोळ्यांनी खुणावेपर्यंत त्याने एक पान तोडून जीभरावांच्या हातात दिलंसुद्धा. "हे चावा आणि मग ही साखर खा. गंमत बघा!"

जीभरावांनी पान चावलं. साखर त्यांच्या तळहातावर तशीच राहिली. त्यांनी सवयीप्रमाणे डोळे मिटले, जीभ टाळूला लावली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग डोळे उघडून त्यांनी झाडोबाकडे नाही, तिच्याकडे पाहिलं.

"यात साल नाही," ते म्हणाले. "बाकी तेच आहे."

झाडोबाचा चेहरा उतरला. "ताई, तू विचारून देणार होतीस ना?"

ते रिक्षाने परतले. घरात पाय ठेवल्यावर म्हणाले, "व्यापारी आला त्या दिवशीसुद्धा?"

"हो."

"मी आदल्या दिवशी सांगितलं होतं तुला."

"म्हणून तर पानं जास्त घातली," ती म्हणाली. खोटं बोलायचं तिला आता त्राण नव्हतं. "तुमचा पाय सडत होता. मी किती वेळा विनवलं, भांडले, पायाशी बसून रडले. तुम्ही म्हणालात, जीभ काढून ठेवू का?"

"मग तू काढून ठेवलीस."

ते तसेच उलट पावली मालकाकडे गेले. तासाभराने आले. मालकाने ऐकून घेतलं होतं, चहाही पाजला होता. "जीभराव, पटलं मला," तो म्हणाला होता. "पण बाहेर काय सांगू? आमच्या चाखणाऱ्याची जीभ गेली नव्हती, बायकोनं त्याच्या पेल्यात कालवलं होतं, असं? हसतील लोक. आणि यंत्राचे पैसे देऊन झालेत."

जीभरावांनी हे सगळं तिला उभ्याउभ्याच सांगितलं, बातमी सांगावी तसं. मग ओट्यावरचं एक पातेलं, एक ताट आणि चमचा उचलून त्यांनी वेगळे ठेवले. त्या दिवसापासून त्यांनी तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. स्वतः भाज्या उकडायचे, स्वतः खायचे, स्वतः विसळायचे. भांडण नाही, तंटा नाही. बाहेरच्यांसमोर "अगं", "अहो" सगळं पूर्वीसारखं. आणि उकडलेलं खाऊन तब्येत अशी सुधारली की डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून खूश झाल्या. "काका, काकूंनी फार जपलंय हं तुम्हाला!"

"फार," जीभराव म्हणाले.

थंडीत ती तापाने पडली. दोन दिवस अंगातला ताप हटेना. दुसऱ्या दिवशी दुपारी जीभराव वाटीभर पातळ, वाफाळतं सूप घेऊन तिच्या खाटेपाशी आले. तिला भरून आलं. ती कोपरावर रेलून उठली, वाटीसाठी हात पुढे केला.

त्यांनी वाटी दिली नाही. आधी चमचा सुपात बुडवला, तिच्यादेखत स्वतःच्या तोंडात घातला, घोळवला आणि गिळला. मग तोंड उघडून तिला जीभ दाखवली.

"यात काही नाही," ते म्हणाले. "खुशाल पी."

वाटी स्टुलावर ठेवून, चमचा तेवढा धुवायला घेऊन ते बाहेर गेले.