चौघांची जागा

मी सोफा बोलतोय. साधा घरातला नव्हे, गाड्यांच्या शोरूममधला. आज माझ्या अंगावर रेक्झिनपेक्षा चिकटपट्ट्याच जास्त आहेत, एका पायाखाली वीट आहे आणि दुपारी एक लंगडं कुत्रं हक्काने येऊन माझ्यावर आडवं होतं. त्यामुळे तुमचा विश्वास बसणार नाही. पण एके काळी या गावात ज्याला म्हणून आमच्याकडची नवी गाडी हवी असे, त्याला आधी माझ्यावर बसावं लागे. गाडीत बसणं नंतर.

माझा जन्म आबांच्या हट्टातून झाला. आबा म्हणजे शोरूमचे मूळ मालक. सुतार म्हणाला, तिघांचा करू, जागा वाचेल. आबा म्हणाले, "तिघं बसले की चौथं उभं राहतं. आणि उभं राहिलेल्याला कुणी विचारत नाही. चौघांचा कर." एवढी लांब फळी मध्ये वाकेल, अशी सुताराची कुरकुर. आबांनी मधोमध एक जादा पाय लावून घेतला. तेव्हापासून मी पाच पायांचा.

आबांचा एक नियम होता. गाडी घ्यायला माणूस एकटा आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवायचं आणि सगळं घर घेऊन ये म्हणायचं. घर आलं की ते माझ्यावर ओळीने बसे. मग आबा समोर खुर्ची ओढून एकेकाला विचारत, "आणि तुमचं काय म्हणणं?" घरातलं एक जरी माणूस गप्प राहिलं, तरी त्या दिवशी गाडी द्यायची नाही. "आठ दिवसांनी या," म्हणायचं. गाडी एकाच्या नावावर असली तरी बसणार सगळं घर, आणि मनात अढी धरून बसलेलं माणूस प्रत्येक खड्ड्याला टोमणा मारतं, असं त्यांचं म्हणणं. लोक हसत. गाड्या विकतात की सोयरीक जुळवतात, असं विचारत.

हसणाऱ्यांत पहिला नंबर समोरच्या चष्मेवाल्यांचा. चष्मा ते नाकावर लावत, विकत नसत; त्यांचंही गाड्यांचंच शोरूम होतं. आमचा रस्ताच मुळी गाड्यांचा. चौकापासून पुलापर्यंत काचाच काचा, आणि प्रत्येक काचेमागे एक धुऊनपुसून ठेवलेली गाडी. चष्मेवाल्यांकडे असले नियम नव्हते. माणूस दारात आला की चावी त्याच्या हातात. आमच्याकडून चिडून उठलेलं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून तडक त्यांच्याकडे जाई. संध्याकाळी ते येऊन माझ्यावर ऐसपैस बसत आणि म्हणत, "आबा, तुमच्या आठ दिवसांवर माझं घर चालतं." आबा त्यांना वर चहा पाजत.

माणसं मी खालून पाहिली आहेत, त्यामुळे मला ती जरा जास्तच कळतात. पुरुष आधी टायरला बुटाने ठोकर मारतात. त्यातून काय कळतं ते कुणालाच माहीत नाही, पण मारतात. मग बोनेट उघडायला लावतात आणि आत बघून "हं" म्हणतात. बायका डिकी उघडतात आणि मनातल्या मनात त्यात बॅगा रचतात. सेल्समनची पाठ वळली की नवरा-बायको ओठ न हलवता भांडतात, ते सगळं माझ्या कानांवर. त्यांच्या खिशांतून आणि केसांतून काय काय पडून माझ्या फटीत गेलंय! कंगवे, पिना, एकदा तर तान्ह्या बाळाचा मोजा. तो कुणी मागायलाही आलं नाही.

आबा गेले आणि दोन मुलांनी कारभार घेतला. दादा पुढे शोरूममध्ये, धाकटा मागच्या वर्कशॉपमध्ये. दादा बोलका, दगडालाही बोलतं करेल असा. धाकट्याच्या तोंडून शब्द काढायचा तर पाना लागायचा. दुपारच्या चहाला तो मागच्या दाराने यायचा आणि दाराजवळच्या माझ्या टोकाला बसायचा. कपडे तेलकट, म्हणून बसण्याआधी वर्तमानपत्र पसरायचा. माझी एवढी काळजी दुसऱ्या कुणी केली नाही. दोघं भाऊ एकमेकांशी बोलायचे नाहीत फारसे, पण एकाची बशी रिकामी झाली की दुसरा न विचारता किटली उचलायचा.

नियम दादाने जिवापाड पाळला. एकदा लाकडाच्या वखारीचे मालक आले, आईला आणि बायकोला घेऊन. सगळ्यांत मोठी गाडी त्यांनी उभ्या उभ्या पसंत केली. दादाने खुर्ची ओढली.

"आजी, तुमचं काय म्हणणं?"

"चढायला उंच पडते रे मला. पण घेऊ दे त्याला. लहानपणापासून हट्टीच आहे."

"आणि वहिनी, तुमचं?"

वहिनी पर्सचा चाप उघडत होत्या आणि मिटत होत्या. त्यांच्या आधी वखारवालेच बोलले, "तिला काय विचारायचं? माझी पसंती तीच तिची."

"मग आठ दिवसांनी या," दादा म्हणाला.

"अहो, मी आत्ता घ्यायला आलोय."

"देत नाही कुठे म्हटलं? आठ दिवसांनी देतो."

वखारवाले तणतणत उठले आणि रस्ता ओलांडून गेले. आमच्याकडची सगळ्यांत मोठी गाडी तशीच राहिली. दुपारी चहाला दादा म्हणाला, "गाडी आवडली नसेल त्या बाईंना."

"आवडली होती," धाकटा म्हणाला. "घरात आधी कुणी विचारलं नाही, म्हणून रुसल्या होत्या."

"तुला रे काय माहीत?"

धाकट्याने बशीत चहा ओतला आणि फुंकर मारत बसला. दादा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला, ते मला आठवतं.

मग दिवस फिरले. लोक येत ते घरूनच सगळं ठरवून, मोबाइलवर रंगसुद्धा पक्का करून. त्यांना बसायला वेळ नसे. गावाबाहेर हमरस्त्याला मोठमोठी शोरूम झाली, आणि कंपन्या आमच्या रस्त्यावरून एकेक करून उठून तिकडे गेल्या. चौकातलं पहिलं शोरूम औषधांचं दुकान झालं. त्याच्या शेजारच्यात व्यायामशाळा आली. जिथे गाड्या उभ्या असायच्या तिथे माणसं एकाच जागी धावू लागली. काचेवरची नावं खरवडली तरी डिंकाचे डाग राहतात. उन्हं तिरपी झाली की ती गेलेली नावं अजून वाचता येत.

चष्मेवाले टिकतील असं वाटलं होतं. एका सकाळी ते आले, पण ऐसपैस बसले नाहीत. अगदी कडेला टेकले. "दादा," ते म्हणाले, "आता आठ दिवसांनी या, असं कुणाला म्हणू नका. चिडून जायला समोर कुणी उरणार नाही." दादा हसायला गेला, पण त्याला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी समोरची काच आतून वर्तमानपत्रांनी झाकलेली होती. मला रस्त्यापलीकडे बघायची सवय. मी कितीतरी दिवस ती जुनी पानंच बघत होतो.

आम्ही तगलो ते वर्कशॉपच्या जिवावर. दुसरीकडे घेतलेल्या गाड्याही दुरुस्तीला धाकट्याकडे येत. पण दादाचे गुडघे गेले होते. कंपनीने सांगितलं, हमरस्त्याला या नाहीतर विक्री बंद करा. तेवढ्यात एका कापडवाल्याने जागा मागितली. त्याला पुढचं शोरूम आणि मागचं वर्कशॉप, अशी सलग जागा हवी होती. म्हणजे पुढचं गेलं की मागचंही जाणार. धाकट्याचं सगळं आयुष्य त्या मागच्या पत्र्याखाली गेलं होतं.

ठरवायला सगळं घर जमलं, आणि कुठे बसणार? माझ्यावरच. दादा, त्याची बायको, धाकट्याची बायको आणि दाराजवळच्या टोकाला धाकटा. त्या दिवशी तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, तरी बसण्याआधी त्याने वर्तमानपत्र पसरलं. कापडवाला समोर आबांच्या खुर्चीत बसला.

"सगळ्यांची संमती आहे ना?" त्याने विचारलं.

दादाला सवयच ती. तो बायकोकडे वळला. "तुझं काय म्हणणं?"

"तुमचे गुडघे रोज मी चोळते. सोडा आता हे."

"आणि तुझं गं?" त्याने भावजयीला विचारलं.

"मुलीचं शिक्षण व्हायचंय, भाऊजी. चांगलं मिळतंय तर द्यावं."

आता धाकट्याची पाळी. तो माझ्या हातावरचा एक जुना काळा डाग अंगठ्याने घासत होता. तो डाग त्याचाच. दादाने तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"आणि हे?" कापडवाला म्हणाला.

"त्याला काय विचारायचं?" दादा म्हणाला. धाकट्याकडे त्याने बघितलंही नाही. "माझी पसंती तीच त्याची."

माझा पाचवा पाय करकरला. लोकांना वाटलं, लाकूड जुनं झालंय. मी वाट बघत होतो. आता दादा स्वतःला थांबवेल, आता म्हणेल, आठ दिवसांनी या. परक्यांच्या बायकांसाठी त्याने दारात आलेली गिऱ्हाइकं घालवली होती. पण त्याने तसं म्हटलं नाही. दादा वाईट माणूस नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. विचारलं आणि धाकटा नाही म्हणाला तर काय करायचं, याची त्याला भीती वाटली असावी. मला मात्र त्या दिवशी त्याचा फार राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

धाकट्याने सही केली. वर्तमानपत्राची नीट घडी घातली आणि मागे निघून गेला. एक गाडी उघडून ठेवलेली होती, ती त्याने संध्याकाळपर्यंत पुरी केली.

सामान निघालं तेव्हा त्याने फक्त मला मागितलं. "हा कशाला? मोडीत घालायच्या लायकीचा आहे," दादाची बायको म्हणाली. धाकट्याने दोन माणसांकडून मला उचलवलं आणि पुलापलीकडच्या या शेडपुढे आणून ठेवलं. इथे एका वेळी एकच गाडी मावते. आत जागा नाही, म्हणून मी बाहेर.

भाऊ भांडले असते तर बरं झालं असतं. भांडण मिटतं तरी. हे दोघं एकमेकांशी अतिशय चांगलं वागू लागले. रस्त्यात भेटले की "तब्येत बरी?", "बरी," आणि आपापल्या वाटेने.

मग एका दुपारी दादा आला. रिक्षातून उतरला, हातात काठी. धाकटा गाडीखाली होता. चपला ओळखून बाहेर आला. मी धुळीने माखलेला. त्याने वर्तमानपत्र आणलं आणि दादासाठी पसरलं. दादा बसला. धाकटा आपल्या टोकाला. मध्ये दोघांची जागा रिकामी.

"अजून आहे हा?" दादा माझ्यावर हात फिरवत म्हणाला.

"आहे."

समोरून एक ट्रक गेला, मग एक स्कूटर. दादा रस्त्याकडेच बघत होता. मग एकदम त्याने विचारलं, अगदी शोरूममधल्या त्या जुन्या आवाजात, "आणि तुमचं काय म्हणणं?"

धाकटा फडक्याने हात पुसू लागला. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी पुसत राहिला.

"आठ दिवसांनी ये, दादा," तो म्हणाला.

दादा हसला. हसता हसता त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. धाकट्याने पाणी दिलं. ती थट्टा होती की नव्हती, मला सांगता येणार नाही. इतकी माणसं ऐकूनही मला तेवढं कळलं नाही. "येतो," म्हणून दादा त्याच्या खांद्यावर हात ठेवून उठला. रिक्षा पुलावर चढेपर्यंत धाकटा उभा होता.

दादा पुन्हा आला नाही. त्याच आठवड्यात झोपेत गेला.

शेडचं दार बरेच दिवस बंद होतं. उघडलं तेव्हा धाकटा आधी माझ्याकडे आला. दादा बसला होता तिथे त्याने नवं वर्तमानपत्र पसरलं, उडू नये म्हणून वर पाना ठेवला, आणि आपल्या टोकाला तसाच बसला, कागद न घेता. गाड्या येत-जात होत्या. बऱ्याच वेळाने तो त्या रिकाम्या जागेकडे वळला.

"विचारलं असतंस ना," तो म्हणाला, "तर हो म्हणालो असतो."

आता माझं फार काही उरलेलं नाही. मधली फळी अखेर वाकली. सुताराचं खरं झालं. धाकट्याच्याही डोळ्यांना हल्ली नीट दिसत नाही, तो शेड सोडायचं म्हणतो. मग मला कोण नेणार? लंगड्या कुत्र्याला त्या कागदावरच झोपायला आवडतं आणि धाकटा त्याला हाकलत नाही.

आमच्या जुन्या शोरूमवरून जाल तेव्हा डिंकाचे डाग शोधू नका, कापडवाल्याने काचाच बदलल्या. पण तुमच्या घरी कधी सगळे मिळून काही ठरवायला बसाल, तेव्हा टोकाला कोण बसलंय ते वळून बघा. त्याचं उत्तर तुम्हाला माहीत असेल. तरी विचारा.