दगडात मुरलेला समुद्र

“फोडू नका हो त्याला. वाजवून बघा, पोटात आवाज आहे त्याच्या.”

माणसाचा मी ऐकलेला हा पहिला शब्द. अंगसिला गावच्या किनाऱ्यावर एक पाथरवट मला टाकून द्यायला निघाला होता, कारण माझ्या अंगातून एक तिरकी पांढरी शीर गेली होती. त्याच्या बायकोने बोटाच्या पेराने टकटक केले आणि मी वाजलो. मित्रांनो, तेव्हा मी नुसता धोंडा होतो. आज मी एक जुना खल आहे. बत्ता माझा भाऊच, एकाच खडकातून निघालेला.

लमाई नावाच्या नवरीबरोबर मी दक्षिणेला, त्रांग गावी आलो. तिकडे सून पारखायची रीत न्यारी. सासू स्वयंपाकघरात डोकावत नाही. पायरीवर बसून वाटणाचा ठोका ऐकते. ठोका अडखळला तर सून आळशी, धावला तर उधळी. लमाईचा ठोका ऐकून सासू म्हणाली, “हिचा हात सरीसारखा पडतो. पान वाढा हिला.”

मग आमचे दिवस आले. लमाईने बाजारात भात-कालवणाचे दुकान मांडले. धुके अजून रबराच्या झाडांत अडकलेले असायचे, तोच माझ्या पोटात मिरची, लसूण, हळद आणि जवळा नांदायला यायचा. जवळ्यावर तिचा फार जीव. मीठ लावून, उन्हात मुरवून ती त्याचा जांभळट गोळा करायची. “लमाईच्या कालवणात समुद्र उकळतो,” असे लोक म्हणत. तो समुद्र माझ्या रंध्रारंध्रांत मुरला. वाटताना ती गुणगुणायची:

मिरची वाटते गं, वाटते हळदीचं ऊन,
लेक निजते झोळीत, ठोका माझा ऐकून.

लेकीचे नाव पिकुल, म्हणजे आपली बकुळ.

दरवर्षी तिथे नऊ देवांचा उत्सव येई. गल्लोगल्ली पिवळ्या पताका, लोकांच्या अंगावर पांढरे कपडे. नऊ दिवस मांसमच्छी नाही, कांदालसूणही नाही. पताका उतरल्या की लोक तळलेल्या माशावर तुटून पडत. पिकुल मोठी झाली, आणि एका वर्षी ती माशाकडे परतलीच नाही.

“देव गेले गं आपापल्या घरी,” लमाई म्हणाली. “आता कोणासाठी उपाशी राहतेस?”

“उपाशी कुठे, आई? केळफूल आहे, फणस आहे, नारळाचं दूध आहे. कोणाचा जीव न घेता इतकं गोड खाता येतं.”

“म्हणजे इतकी वर्षं मी तुला पाप भरवलं?”

“तसं कुठे म्हटलं मी?”

तसे कोणीच म्हटले नव्हते, तरी घरात दोन चुली झाल्या. माझ्या अंगातला जवळा वाटणात उतरेल म्हणून पिकुलने मिक्सर आणला. एक आधी जेवे, दुसरी नंतर. शेजारची जंपामावशी कुंपणावरून ओरडे, “दोन बायका नि दोन चुली! मांजर कोणाच्या पानाशी बसतं गं तुमचं?” दोघी हसत, पण वेगवेगळ्या खोल्यांत.

पुढे लमाईचा खांदा आखडला, दुकान मिटले, आणि मी कुंपणाशी पपईच्या झाडाखाली जाऊन बसलो. माझ्यात पाणी साचे. त्यात पपईचे फूल तरंगे, चिमणी नाहून जाई, ढग उतरत. ते ढग वाटावेत, त्यांत चिमूटभर ऊन घालावे, अशी स्वप्ने मी पाहत असे.

मग एका वर्षी पिकुलने उत्सवात देवळाबाहेर स्वतःचे दुकान लावायचे ठरवले. आदल्या सकाळी जंपामावशीने कुंपणापाशी उभ्या उभ्या तिचे कालवण चाखले आणि तोंड वाकडे केले.

“हे चिरलेलं आहे गं, कुटलेलं नाही. रंग आहे, वास कुठाय?”

“खल आहे मावशी, पण तो आईचा,” पिकुल रडकुंडीला आली. “जन्मभर जवळा प्यायलाय तो. व्रताच्या लोकांना त्यातलं कसं वाढू?”

ती नारळ आणायला बाजारात गेली. लमाईने खिडकीतून सारे ऐकले होते. ती बाहेर आली, मला कलंडवून पाणी ओतले, पुसले, मूठभर कोरडे तांदूळ टाकले आणि दुखऱ्या हाताने बत्ता उचलला. पहिले पीठ राखाडी निघाले, समुद्राचा वास घेऊन. ते कोंबड्यांना टाकले. पुन्हा तांदूळ. पुन्हा पीठ.

“अगं, खांदा मोडून घ्यायचाय का?” जंपामावशी म्हणाली.

“दगड धुते.”

“तुझ्या हातची चव जाईल की त्यातून!”

“जाऊ दे. त्या चवीनं लेक माझ्यासोबत जेवत नाही.”

मित्रांनो, मला भीती वाटली. प्रत्येक मुठीसरशी माझ्यातून काही ओसरत होते: लग्नाची पहाट, बाजाराचा गलबला, किनाऱ्यावर वाळणारा जवळा. शेवटी पीठ चांदण्यासारखे पांढरे निघाले. लमाईने मला नाक लावले आणि डोळे मिटले. समुद्र गेला होता.

पिकुल परतली. आईच्या हातांना कोपरापर्यंत पीठ पाहून ती थबकली, माझ्यावर वाकली, वास घेतला. मला आत नेले आणि वाटायला बसली. गवती चहा, आल्यासारखे कुलिंजन, हळद, सुक्या मिरच्या, लिंबाची साल, आणि जवळ्याच्या जागी आंबवलेले सोयाबीन. आधी मी बिचकलो. मग वाटले, हे तर रान आहे, आणि आता ते माझ्या पोटात उगवते आहे. नारळाच्या दुधात वाटण पडले, वर लाल तवंग आला. कोवळा फणस, अळंबी, टोफू त्यात मऊ होऊन डुलू लागले. वास कुंपणापलीकडे गेला आणि जंपामावशीला घेऊनच परतला.

“मी आपली मीठ बघायला आले हो.”

“मीठ बघायला एवढं मोठं वाडगं?” पिकुल म्हणाली.

वाडगे भरून घेऊन मावशी गेली, तेव्हा पिकुलने चटई अंथरून दोन ताटे मांडली.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल, जुन्या वासाची, जुन्या सवयीची, तर तिला झाडाखाली लोटण्याआधी एकदा हात लावून पाहा. कोणी तिच्यासाठी मूठभर तांदूळ खर्ची घातले, तर तीही नवी चव शिकते. माणसांना मी दगडाने काय शिकवावे? मी तर त्या दुपारी चटईशेजारी ओलेत्याने नुसता ऐकत होतो.

लमाईने एक घास घेतला. मग दुसरा.

“जमलंय का, आई?”

“वाढ अजून.” लमाईने मान वर केली नाही. बोटे भातातच थांबली. “चूल वेगळी झाल्यापासून मी कधी बसून जेवले नाही, पिकुल. उभ्यानंच दोन घास ढकलायचे. एकटीला जायचंच नाही गं.”