टिटवीच्या पोटाखालची भेग

शनिवारी सकाळी सात वाजता 'टिटवी' ही चोवीस फुटी शिडाची बोट पेणजवळच्या गडब गावच्या खाडीतून ओहोटीबरोबर समुद्राकडे निघाली. बोटीवर दोघे होते: नौदलातून निवृत्त झालेले रोह्याचे हैबतराव सावंत आणि त्यांची मुलगी सरू. जायचे होते गोव्याला.

टिटवी शर्यतीची बोट. अशी बोट हलकी बांधतात. ती दुपारी बंदराबाहेर पडते आणि संध्याकाळी परत येते. हैबतरावांनी ती मुंबईतून जुनी घेतली आणि खाडीकाठच्या शेडमध्ये दोन वर्षे तिच्यावर काम केले. डोलकाठीच्या तारा बदलल्या. वादळासाठी आखूड, जाड शीड शिवून घेतले. केबिनच्या दाराला जाड फळ्या बसवल्या, आत शिरलेले पाणी उपसायला नवा पंप आणला. प्रश्न उरला कीलचा. कील म्हणजे बोट उलटू नये म्हणून तळाला बोल्टांनी आवळलेले जड लोखंडी पाते. त्याच्या पुढच्या सांध्यावर केसाएवढी भेग होती.

रोह्याच्या एका कंपनीत फिटर असलेल्या गुणाजीने लेथवर नवे बोल्ट करून दिले आणि स्वतः आवळले. भेग मात्र हैबतरावांनी मुद्दाम उघडी ठेवली. तिच्या दोन्ही टोकांना तांबड्या पेन्सिलीने खुणा केल्या. बोट काही दिवस खाडीत चालवायची, क्रेनने वर घ्यायची आणि गुणाजीने खुणा तपासायच्या, असे दोघांत ठरले. भेग खुणांच्या आत राहिली असेल तर बुजवून रंग. बाहेर गेली असेल तर कील उतरवायची आणि गोवा पुढच्या वर्षी.

रंगाचे काम पेणच्या बाबाजीकडे होते. तो गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासून, भरून रंगवणारा. विसर्जन झाले की त्याच्या हाताला काम कमी. शेडमध्ये दोघांची थट्टा चाले.

"बोटीला सोंड काढू नको हां," गुणाजी म्हणायचा.

"तुझ्या नटबोल्टांना डोळे काढतो. मंग बघ, कसे जागे राहतात," बाबाजी म्हणायचा.

खाडीतली चाचणी झाली, बोट वर आली. त्याच आठवड्यात गुणाजीच्या कंपनीत शटडाऊन लागले, म्हणजे यंत्रे थांबवून वार्षिक दुरुस्ती. दुहेरी शिफ्ट, मोबाईल गेटवर जमा. तो आला नाही. हैबतराव शिडे घेऊन मुंबईहून परतले तेव्हा तळ पांढराशुभ्र होता. त्यांनी सांध्यावरून तळहात फिरवला. भेगेचा मागमूस नव्हता. गुणाजीने पाहिल्याशिवाय रंग लागायचा नाही, हे ठरलेलेच होते. त्यामुळे त्यांनी कोणाला विचारले नाही. वारा चांगला होता.

रविवारी दुपारी गुणाजी खुणा बघायला आला. शेड रिकामी होती. बाबाजी दाराशी ब्रश धूत बसला होता.

"बोट कुठाय रे?"

"गेली की काल."

"गेली? आणि भेग कोणी बघितली?"

"मी बघितली. बुजवली."

"खुणांच्या आत होती ना?"

बाबाजीने ब्रश झटकला. "नाय. पार बाहेर गेलेली, करंगळीभर. म्हणून तर आतपर्यंत पुट्टी भरली."

गुणाजी खाली बसला. "खुणा कशाला होत्या त्या?"

"कशाला म्हणजे? कारखान्यात मालक दोष दिसला की पेन्सिल मारतो. ज्याच्या हातात पुट्टी, त्यानं भरायचं. खंडित वस्तू आमच्याकडनं बाहेर जात नाय."

"तुझी मूर्ती पाण्यात जाते ती विरघळायला, बाबाजी."

बाबाजीने नळ बंद केला. "मला कुणी सांगितलं नाय," तो हळूच म्हणाला.

हैबतरावांचा फोन लागला नाही. सरूचाही नाही. गुणाजीने रोह्याला हैबतरावांच्या पत्नीला, इंदुबाईंना फोन केला.

"काल संध्याकाळी बोलली ना सरू, अलिबागच्या समोरून," त्या म्हणाल्या. "मजेत आहेत. तळाला थोडं पाणी येतंय म्हणाली. हे म्हणतात, नुकतीच दुरुस्त केलेली बोट आहे, पहिल्यांदा येतंच. पंप चालू ठेवलाय." मग थांबून त्यांनी विचारले, "का हो?"

गुणाजीने सांगितले. नंतर त्याने बंदर खात्याला आणि तटरक्षक दलाला कळवले. किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायट्यांना निरोप गेले. बाबाजी त्या रात्री पेणला गेला नाही, शेडमध्येच बसून राहिला.

सोमवारी सकाळी हर्णैच्या एका मासेमारी बोटीच्या तांडेलाने सोसायटीत येऊन सांगितले की रविवारी दुपारी, किनारा नजरेआड असताना, त्याने एक पांढरी बोट पाहिली. शीड आखूड होते. वारा मोठा नव्हता, तरी बोट बरीच कललेली होती. एक म्हातारा सुकाणूवर होता आणि एक मुलगी बादलीने पाणी बाहेर टाकत होती. बोट धूत असतील, असे त्याला वाटले. त्याने जाळे ओढले आणि तो बंदराकडे वळला.